घट, हस्त आणि पलभा : शरद संपाताची आपल्याकडची खूण

यंदा सोमवारी, 22 सप्टेंबरला घट बसले. सकाळी पूजा आटोपून मोबाइल हातात घेतला, तर ब्रिस्टलहून भाचीचा निरोप आलेला होता. तिच्या शेजारी एक बाई राहतात. त्या स्वतःला ‘पेगन’ म्हणवतात. त्यांनी घरात एका टेबलावर सफरचंदे, गव्हाच्या लोंब्या, एक भोपळा आणि एक काळी, एक पांढरी अशा दोन मेणबत्त्या मांडल्या होत्या. त्याचा फोटो, आणि खाली प्रश्न : “मावशी, आज दिवस-रात्र सारखी. यांच्याकडे हा सण आहे. आपल्याकडे हा दिवस कोणीच कसा पाळत नाही?”

मी उत्तर लिहायला घेतले आणि थांबले. समोर देव्हाऱ्यापुढे पत्रावळीवर पसरलेली माती होती, तिच्यात पेरलेले धान्य होते, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट होता. पाळत नाही म्हणावे, तर हे काय होते? पाळतो म्हणावे, तर संपाताचे नाव आमच्या घरात आजवर कोणी घेतलेले नव्हते. हा लेख म्हणजे तिला द्यायचे राहिलेले उत्तर आहे. लांबले आहे, पण भाचीला मावशीच्या लांबणीची सवय आहे.

बारामतीत मी एकतीस वर्षे भूगोल शिकवला. दर सप्टेंबरात फळ्यावर पृथ्वीचा गोल काढायचा, विषुववृत्तावर सूर्याचे किरण सरळ पाडायचे आणि ‘शरद संपात’ अशी व्याख्या मुलांना वहीत लिहून द्यायची. त्याच आठवड्यात त्या मुलांच्या घरी घट बसलेले असत. माझ्याही घरी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे वर्गात एकदाही माझ्या तोंडून निघाले नाही.

आधी त्या टेबलाविषयी. ‘पेगन’ या शब्दाचे मूळ लॅटिन ‘पागानुस’मध्ये आहे, आणि त्याचा मूळ अर्थ खेड्यातला माणूस असा होता. नवा धर्म शहरांत पसरला आणि जुने देव खेड्यांत उरले, म्हणून पुढे तो शब्द जुन्या देवांच्या भक्तांना चिकटला. आजचे पेगन पंथ मात्र विसाव्या शतकातले आहेत. दोन अयनदिन, दोन संपातदिन आणि त्यांच्या मधले चार दिवस अशा आठ सणांचे त्यांचे वर्षचक्र त्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडात जुळवले गेले. शरद संपाताला ‘मेबन’ हे नाव तर एडन केली या अमेरिकन गृहस्थांनी 1970 च्या दशकात दिले. ग्रीकांच्या पर्सेफोनीच्या कथेला जुळणारी एखादी केल्टिक कथा ते शोधत होते, आणि वेल्श कथांतला मेबन, म्हणजे आईपासून हिरावला गेलेला मुलगा, त्यांना सापडला. आठव्या शतकातला बीड हा इंग्रज भिक्षू जुन्या सॅक्सन महिन्यांची यादी देतो. तिच्यात सप्टेंबरला ‘पवित्र महिना’ असे नाव आहे. त्यापलीकडे तो काही सांगत नाही. म्हणजे भाचीच्या शेजारणीचा सण तिच्या आजीच्या घरातून आलेला नाही. यात मला हसण्यासारखे काही वाटत नाही. ज्यांच्या हातून खेडे सुटले त्यांनी ते पुन्हा मांडून पाहिले, इतकेच. आपणही त्याच वाटेवर किती पुढे गेलो आहोत, ते पुढे येईलच.

त्या टेबलाचा अर्थ सांगितला जातो तो असा : हंगाम घरात आला, त्याबद्दल कृतज्ञता, उजेड आणि अंधार यांचे पारडे आज सारखे, उद्यापासून अंधार वरचढ होणार, तेव्हा मनानेही आत उतरायचे. उत्तर युरोपात हे अगदी बरोबर आहे. तिथे सफरचंदे उतरतात, झाडे पाने टाकतात, पुढे लांब रात्रींचा हिवाळा असतो. जपानात याच सुमारास ‘हिगान’चा आठवडा येतो. हिगान म्हणजे पैलतीर. त्याच्या मधोमध संपाताचा दिवस, आणि तो सरकारी सुट्टीचा असतो. माणसे पूर्वजांच्या थडग्यांवर जाऊन ती धुतात, फुले वाहतात. म्हणजे एकीकडे धान्य आणि दुसरीकडे पितर. आपल्याकडे ही दोन्ही आहेत, लागोपाठ आहेत, पण त्यांच्यावर ‘संपात’ अशी पाटी नाही.

पाटी नसली तरी मोजमाप होते, आणि ते फार जुने आहे. आपल्या पंचांगकर्त्यांनी संपाताचा सण केला नाही. त्यांनी त्याची सावली मोजली. बारा अंगुळांचा शंकू सपाट जमिनीवर उभा करायचा आणि विषुवदिनी भर मध्यान्ही त्याची सावली किती अंगुळे पडते ते पाहायचे. ही त्या गावाची पलभा. उज्जैनची पलभा पाच अंगुळांपेक्षा थोडी जास्त, पुण्याची जवळजवळ चार. बारामती आणि इंदापूर या दोन्ही गावांचा अक्षांश साधारण 18 अंश 8 कलांच्या आसपास, त्यामुळे दोन्हींची पलभा सुमारे 3 अंगुळे 56 व्यंगुळे येते. गावातला सूर्योदय, दिनमान, लग्नाचा मुहूर्त असे सगळे गणित या एका सावलीवरून निघायचे. वर्षातून दोनदा येणाऱ्या त्या दुपारची लांबी गावाच्या कपाळी कायमची लिहिलेली असे. भटजीबुवा लग्नाची वेळ काढताना संपाताला हात लावूनच काढत. नवरानवरीला त्याची गंधवार्ता नसे.

शाळेत असताना मुलांकडून मी हा प्रयोग करून घेत असे. मैदानात हातभर काठी रोवायची आणि दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा. इतर दिवशी खड्यांची ओळ कमानीसारखी वाकते. संपाताच्या दिवशी ती सरळ येते, नेमकी पश्चिमेकडून पूर्वेकडे. ती सरळ ओळ पाहताना मुले गप्प व्हायची. (दिवस-रात्र त्या दिवशी तंतोतंत सारखी नसतात, हेही त्यांना सांगावे लागे. वातावरणातून किरण वाकतात आणि सूर्याची वरची कड दिसली की आपण सूर्योदय धरतो, त्यामुळे आपल्याकडे दिवस सहा-सात मिनिटे मोठाच असतो. खरी बरोबरी आणखी सहा-सात दिवसांनी होते.) यंदा ढगांमुळे सावलीच पडली नाही. संपाताचा क्षण तर रात्री 11 वाजून 49 मिनिटांनी होता.

पंचांगातली दुसरी खूण म्हणजे तूळ रास. दिवस-रात्रीचे पारडे सारखे म्हणून तराजू. ज्या काळी सूर्य तुळेच्या आरंभी आला की संपात होई, त्या काळात ही खूण चपखल होती. पण संपातबिंदू सुमारे 72 वर्षांत एक अंश मागे सरकतो. चित्रापक्षीय अयनांश धरले तर इसवी सन 285 च्या सुमारास दोन्ही एका जागी होते. आज त्यांच्यात 24 अंशांहून अधिक अंतर पडले आहे. तुळेत सूर्य जातो 17 ऑक्टोबरच्या आसपास, संपात होतो 22–23 सप्टेंबरला, कन्येत, उत्तरा नक्षत्रात. तराजू तिथेच राहिला आणि माप पुढे निघून गेले. यावरून गेल्या दीड शतकात महाराष्ट्रात किती शाई सांडली! शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ 1896 चा. ते सायन पंचांगाच्या बाजूचे होते, म्हणजे सण ऋतूंशी बांधलेले राहावेत या मताचे. ते मत लोकांनी घेतले नाही. 1957 मध्ये मेघनाद साहा समितीच्या शिफारशीवरून राष्ट्रीय दिनदर्शिका आली. तिच्यात आश्विनाची पहिली तारीख दरवर्षी 23 सप्टेंबरला येते, संपाताला धरून. सरकारी राजपत्रावर ती तारीख छापली जाते. तिच्यावर घट बसवलेला माणूस मी पाहिलेला नाही.

शेतकऱ्याचे घड्याळ तिसरेच. ते पावसाच्या नक्षत्रांचे. मृगापासून सुरू झालेली मोजणी उत्तरावर आणि हस्तावर येते. सूर्य 26–27 सप्टेंबरच्या सुमारास हस्तात जातो, म्हणजे संपातानंतर तीन-चार दिवसांनी. हस्ताचा पाऊस तो हत्तीचा पाऊस, आणि त्याच वेळी मुलींचा हादगा बसतो. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, शेवटी खिरापत ओळखायची. पुण्याकडे याला भोंडला म्हणतात. आपले बहुतेक सण तिथीवर, म्हणजे चंद्रावर चालतात. हादगा मुळात सूर्याच्या नक्षत्रावर चालतो. सोळा दिवस हादगा खेळायची रीत असलेल्या घरांत हे अजून दिसते. मग मी एक हिशेब करून पाहिला. संपातबिंदू मागे सरकत हस्त नक्षत्रात कधी होता? चित्रापक्षाने उत्तर येते : साधारण आठव्या शतकाच्या मध्यापासून अठराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत. म्हणजे यादवकाळात, शिवकाळात सूर्य हस्तात असतानाच दिवस-रात्र सारखी होत होती. यावरून हादगा हा संपाताचा सण म्हणून निघाला असे मी म्हणणार नाही. तसे म्हणायला पुरावा नाही, आणि मुलींना हत्ती व पाऊस पुरेसे होते. पण ज्या पंधरवड्यात मराठी मुली हत्तीभोवती फिरत होत्या, त्याच पंधरवड्यात सूर्य विषुववृत्त ओलांडत होता, आणि हे साडेनऊशे वर्षे चालले, एवढे मात्र खरे.

आता पितर. शतपथ ब्राह्मणात वर्षाची वाटणी आहे : वसंत, ग्रीष्म, वर्षा हे देवांचे ऋतू, शरद, हेमंत, शिशिर हे पितरांचे. लोकमान्य टिळकांनी 1893 च्या ‘ओरायन’मध्ये या वाटणीवर बोट ठेवले. त्यांचे म्हणणे असे, की देवयान आणि पितृयाण यांचा मूळ अर्थ सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेस असणे आणि दक्षिणेस असणे हा होता. अयनदिनांशी त्यांची सांगड मागाहून पडली. टिळकांच्या वेदकालनिर्णयाविषयी मतभेद आहेत आणि राहतील. पण वरच्या वाटणीपुरते पाहिले, तर शरद संपात म्हणजे देवांच्या अंगणातून पितरांच्या अंगणात जाण्याचा उंबरठा ठरतो. भाद्रपदातला पितृपंधरवडा आज या उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे पडतो. यंदा तर सर्वपित्री अमावास्या 21 तारखेला आणि संपात 22 ला. जपानी माणसाच्या पैलतीराची कल्पना आपल्याला समजावून सांगावी लागत नाही, ती यामुळे.

या दिवसांत नुसता समतोल असतो असे आपल्या ग्रंथांनी कुठे मानलेले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. देवीभागवतात नवरात्रे सांगितली आहेत ती मुख्यतः दोन, वसंतातले आणि शरदातले, म्हणजे दोन्ही संपातांच्या जवळची. आणि त्याचे कारण दिले आहे की हे दोन ऋतू माणसाला रोगकारक, यमाच्या दाढा आहेत. यमदंष्ट्रा. शरदातली तापसराई ज्याने खेड्यात पाहिली आहे त्याला हा शब्द कवीचा वाटणार नाही. डबकी साचलेली, डास माजलेले, दुपारी ऊन चावणारे आणि पहाटे गारवा. अशा वेळी देवीपुढे अखंड दिवा लावून नऊ दिवस उपास करायचा आणि सांभाळून ने म्हणायचे. तराजूच्या दोन सारख्या पारड्यांपेक्षा हे चित्र मला जास्त खरे वाटते. दाढांच्या मधून पार व्हायचे आहे, आणि हातात बियाणे आहे.

बियाण्यापाशी आल्याशिवाय आमच्या भागातला घट कळत नाही. बारामती आणि इंदापूर हे पर्जन्यछायेतले तालुके. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथे येईपर्यंत रिता होतो. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. कोकणात किंवा मावळात भात जूनमध्ये पडतो आणि दसऱ्याला लोंबीवर असतो. तिथे दाराला नव्या भाताच्या लोंब्या बांधणे हा खरोखरच हंगामाचा आनंद आहे. आमच्याकडे जिरायत काळ्या रानात पावसाळाभर काही पेरायचेच नसे. रान मोकळे ठेवायचे, कुळवाच्या पाळ्या घालायच्या, तण मारायचे, ओल धरायची. हलक्या रानात बाजरी असेल ती काढणीला येई. पण घराचे पोट ज्याच्यावर, ती ज्वारी अजून कणगीतच असे. तिच्या पेरणीचा शिफारस केलेला काळ कृषी विद्यापीठेही आज तोच सांगतात : 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. शरद संपात या महिन्याच्या ऐन मुखाशी आहे. म्हणजे ब्रिस्टलच्या टेबलावर ज्या दिवशी वर्ष संपते, त्या दिवशी आमच्या काळ्या रानात वर्ष सुरू होते.

आता घट पाहा. वावरातली माती आणायची. बाहेरची चालत नाही. ती चाळून पत्रावळीवर किंवा परडीत पसरायची, थोडे शेणखत मिसळायचे. तिच्यात ज्वारी, गहू, हरभरा, करडई, जवस, जे जे रब्बीला घरात असेल ते पेरायचे. मधोमध मातीचा घट. तो पाझरतो आणि त्याच्या ओलीवर दाणा फुगतो. रोज एक माळ. पहिली विड्याच्या पानांची, मग कारळ्याची, तिळाची, झेंडूची, घरोघरी क्रम वेगळा. नवव्या दिवशी खंडेनवमीला पाभर, कुळव, विळे, कोयते धुऊन पुजायचे. दहाव्या दिवशी घट उठवायचा. तोवर तुरे वीतभर झालेले असतात.

आमचे आण्णा घट उठवण्याआधी गुडघ्यावर बसून वाकून बघत. लहानपणी मला ते नमस्कार करत आहेत असे वाटे. ते मोजत होते. ज्वारी दाट आली का, हरभरा मागे राहिला का, करडईला कीड लागलेले दाणे किती. आज कृषी खाते शेतकऱ्याला सांगते, की पेरणीआधी ओल्या गोणपाटावर शंभर बिया ठेवा आणि किती उगवतात ते मोजून बियाण्याचे प्रमाण ठरवा. घट तेच करतो; वर आणखी एक करतो, तो बियाणे त्याच रानाच्या मातीत तपासतो. पेरणी आठ-दहा दिवसांवर आलेली असताना हा निकाल हाती येई. बियाणे बाद निघाले तर भावकीतून उसने आणायला वेळ उरे. एखाद्या सणाचा आध्यात्मिक अर्थ विचारावा आणि उत्तरादाखल उगवणीची टक्केवारी मिळावी, हे भाचीला रुक्ष वाटेल. पण दाण्यावर घराचे वर्ष अवलंबून असताना, तो देवीपुढे ठेवून नऊ दिवस वाट पाहण्याला दुसरे कोणते नाव द्यावे? घटावरचे तुरे पिवळे असतात, कारण देव्हाऱ्याच्या अंधारात पानात हरितद्रव्य धरत नाही. तेच तुरे दसऱ्याला टोपीत खोवून पुरुष सीमोल्लंघनाला निघत. त्यांना आपट्याच्या पानांइतकाच सोन्याचा मान असे.

अंधाराचा प्रश्न इथे उलटा होतो. ज्वारी हे वनस्पतिशास्त्राच्या भाषेत लहान दिवसाचे पीक आहे. दिवस आखडत आणि रात्र लांबत गेली की ते फुलोऱ्याकडे वळते. 18 अक्षांशावर मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि लहानात लहान अकरा तासांचा. एवढ्या थोड्या फरकाचीही आमच्या देशी रब्बी ज्वारीला जाण असते. मोहोळला निवड पद्धतीने तयार झालेली मालदांडी 35-1 आज इतक्या वर्षांनीही रानात टिकून आहे, ती या जाणत्या वाणांपैकी. संपातानंतर रात्र वाढत जाते आणि ताट पोटरीत येते. आमच्याकडे कणीस पानाच्या आवरणात असते त्या अवस्थेला ‘पोटरी’ म्हणतात. उत्तरेकडच्या माणसाला ज्या अंधारात मरण दिसते, त्या अंधारात आमचे पीक गरोदर होते.

या बाबतीत आम्हाला जवळचे ग्रीक. एल्युसिसची रहस्ये त्यांच्या बोएद्रोमिओन महिन्यात होत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. आणि ग्रीसमध्येही धान्य शरदातल्या पहिल्या पावसावर पेरतात. मुलगी जमिनीखाली गेली, आई रानोमाळ तिला शोधत हिंडली, आणि मुलगी परत आली तेव्हा शेत उगवले. केलींना आपल्या सणासाठी ही कथा हवी होती. पण ती पेरणाऱ्यांची कथा आहे आणि त्यांनी ती सफरचंदे उतरवणाऱ्यांच्या अंगणात नेली. अथेन्सच्या बायका ‘अॅडोनिसच्या बागा’ही लावत : फुटक्या मडक्यांत झटपट उगवणारे बी, छपरावर ठेवलेले, आणि ते सुकले की पाण्यात टाकून द्यायचे. दिसायला ते आपल्या घटासारखेच. पण तिथे रड होती आणि इथे पुढच्या आठवड्यात पाभर जुंपायची असते.

असायची, म्हणायला हवे. 1876–77 च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून नीरा डाव्या कालव्याचे काम सुरू झाले, आणि 1885 च्या सुमारास पाणी वाहू लागले. भाटघरच्या पाण्यावर बारामतीची आणि पुढे इंदापूरची राने भिजली, ऊस आला, कारखाने आले. भीमेच्या बाजूला 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि इंदापूरच्या नदीकाठची कितीतरी काळी राने पाण्याखाली गेली. ज्यांच्या रानाला पाणी मिळाले त्यांच्या घरात पैसा आला. मी त्याच पैशावर चाललेल्या शाळांत नोकरी केली, तेव्हा कालव्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण ऊस बी पेरून करत नाहीत, कांडी लावून करतात. त्याची आडसाली लागण जुलै-ऑगस्टात, सुरू लागण जानेवारी-फेब्रुवारीत. त्याला संपाताचे देणेघेणे नाही. जे पीक घर चालवते ते घटात नाही, आणि जे घटात आहे ते शिवारात नाही, अशी आज अर्ध्या तालुक्याची स्थिती आहे. बाजारात घटाची माती पिशवीत मिळते, नवधान्याची पुडी मिळते. मागे एका वर्षी माझ्या पुडीत औषध लावलेले गुलाबी दाणे निघाले, कुणा कंपनीच्या पोत्यातून उरलेले. नऊ दिवस मी ते पुजले. ब्रिस्टलच्या टेबलावर दुकानातल्या गव्हाच्या लोंब्या मांडलेल्या पाहून मला त्या पुडीची आठवण झाली.

तरी घट काही ना काही बोलतोच. माझे सासर बारामती तालुक्यात कालव्याच्या खाली. चार पिढ्या पाणी दिलेली ती माती. नीरा डाव्याच्या लाभक्षेत्रात जमीन खारवट होते हे विसाव्या शतकाच्या आरंभापासून लोकांना आणि अधिकाऱ्यांना माहीत आहे. मला ते घटाने सांगितले. आमच्या घटात गहू बरा येतो, करडई येते, हरभरा दरवर्षी बुटका राहतो किंवा येतच नाही. हरभऱ्याला क्षार सोसत नाहीत. सासूबाई म्हणत, आपल्या देवीला हरभरा मानवत नाही. पुस्तकातले कारण ठाऊक असूनही मी त्यांना कधी दुरुस्त केले नाही.

माहेर इंदापूरच्या पूर्वेला, नीरा नरसिंहपूरच्या वाटेवर, जिरायतीतले. तिथे अजून चार एकर ज्वारी होते. गेल्या वर्षी श्रावणात आई गेली, आण्णा असताना. म्हणून यंदा अविधवा नवमीला, 15 सप्टेंबरला, पहिल्यांदा तिच्या नावाने सवाष्ण जेवायला बसली. मी गेले होते. पाने वाढून झाल्यावर वहिनी माळ्यावरून एक पत्र्याचा डबा घेऊन आली. “वन्सं, आत्याबाईंनी ठेवलेली मालदांडी अजून हाय ह्यात. राखेत घातल्याली. घटाला थोडी तुमी न्या, थोडी मी टाकते.” भाऊ म्हणाला, “दोन वर्सं जुनी हाय. उगवायची न्हाई.” आण्णा काही बोलले नाहीत. त्यांना आता ऐकूही कमी येते.

मूठभर ज्वारी मी पदरात बांधून बारामतीला आणली. पितरांच्या पंधरवड्यातून निघालेली ती मूठ आठवड्याने घटात गेली, त्या दिवशी संपात होता हे मला भाचीच्या निरोपाने कळले. शतपथातली वाटणी, टिळकांचे देवयान-पितृयाण हे मी त्यानंतर कपाट उघडून पुन्हा वाचले. घट आणि संपात एका दिवशी दरवर्षी येत नाहीत. 2023 मध्ये घटस्थापना 15 ऑक्टोबरला होती, 2024 मध्ये 3 ऑक्टोबरला. यापूर्वी ती 2006 मध्ये 23 सप्टेंबरला, संपाताच्याच दिवशी आली होती. एकोणीस वर्षांनी चंद्र-सूर्याचा मेळ तिथीसकट जवळजवळ त्याच जागी येतो. 2006 चा घट आईने बसवला होता आणि मी सुट्टी नाही म्हणून गेले नव्हते.

चौथ्या माळेला ज्वारीचे अंकुर वर आले. माझ्या खारवट मातीत विरळ, तिकडे काळ्या मातीत दाट. वहिनीने फोटो पाठवला तो मी तसाच ब्रिस्टलला पुढे पाठवला. भाचीने विचारले, “हिरवे का नाहीत?”

तो सगळा आठवडा पाऊस कोसळत होता. मराठवाड्यात आणि सोलापुरात नद्यांनी गावे वेढली होती. 2 ऑक्टोबरला, दसऱ्याला मी माहेरी पोचले तेव्हा आण्णांनी घट उठवण्याआधी वाकायचा प्रयत्न केला. गुडघे वाकेनात, म्हणून भावाने पत्रावळच उचलून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी तुऱ्यांवरून तळहात फिरवला. संध्याकाळी भाऊ टोपीत तुरा खोवून निघाला तेव्हा मी विचारले, पेरणी कधी. त्याने बांधाच्या पलीकडे बघितले. रानात पाणी चकाकत होते.

“वाफसा कुटं हाय, ताई? हस्त असाच जायचा. चित्रात बगू.” मग दारातून परत फिरून वहिनीला म्हणाला, “त्यो डबा वर ठिवू नगं. हाताशी असू दे.”